बावीस नोव्हेंबरची मैत्रीण

सिंगापूरहून परत आल्यापासून मिरजेत लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, तिथे च्युइंगम खाल्लं तर खरंच दंड होतो का. मला माहीत नाही. मी ते इथेही खात नाही. रस्ते स्वच्छ आहेत हे खरं, नळाचं पाणी न उकळता पितात हेही खरं. माझा भाऊ अविनाश राहतो त्या इमारतीला पोहण्याचा तलाव आहे, पण त्यात पोहताना मी कुणाला पाहिलं नाही. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. मी कशासाठी गेले होते ते कुणी विचारत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकवते. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, मग वडील अंथरुणाला खिळले. ते गेल्या वर्षी गेले तेव्हा आपण आता कुठेही जाऊ शकतो हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर जरा भीतीच वाटली. अविनाश पूर्वी बोटीवर इंजिनीअर होता, आता सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कामावर असतो. त्यानं या भाऊबीजेला तिकीट पाठवलं.

पण सिंगापूर आमच्या घरी अविनाशच्या कितीतरी आधी आलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा अमेरिकेच्या त्या तरुण अध्यक्षाला डलासमध्ये गोळी घातली गेली. शाळेत प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी ती बातमी सांगितली आणि मला रडू आवरेना. का, ते आजही सांगता येणार नाही. मला अमेरिका नकाशात दाखवता आली असती, त्यापलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांच्या एका इंग्रजी मासिकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं, खाली माझा पत्ता होता. पुढच्या उन्हाळ्यात सिंगापूरहून निळं हवाईपत्र आलं. लिहिणारी माझ्याच वयाची चिनी मुलगी होती, नाव गेक चू. तिनं लिहिलं होतं की मीही रडले, आणि घरात कुणालाच कळलं नाही की मला काय झालंय.

तेव्हापासून आम्ही एकमेकींना वर्षातून चार पत्रं लिहीत आलो. तारखा तिनंच ठरवल्या. वीस जानेवारी, त्या अध्यक्षानं शपथ घेतली तो दिवस. बारा फेब्रुवारी, गुलामगिरी मोडणाऱ्या त्या उंच, दाढीवाल्या अध्यक्षाचा जन्मदिवस. अठ्ठावीस ऑगस्ट, वॉशिंग्टनच्या मोर्चात त्या कृष्णवर्णीय पाद्र्यानं भाषण केलं तो. आणि बावीस नोव्हेंबर. दिवाळीत मी तिला लिहीत नसे, चिनी नववर्षाला ती मला लिहीत नसे. ते दिवस आपापल्या घरच्या माणसांचे होते. हे चार दोघींच्याही घरचे नव्हते, म्हणून ते फक्त आमचे होते.

आमचं ठरलं होतं की एकदा दोघींनी मिळून वॉशिंग्टनला जायचं. त्या अध्यक्षाच्या कबरीशी रात्रंदिवस ज्योत तेवत असते, तिथे दोघींनी शेजारी शेजारी उभं राहायचं. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तो मोठा होऊन अमेरिकेत शिकायला गेला, तरी हे ठरलेलंच होतं. एकाहत्तर साली अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा मी रागानं दोन तारखा गाळल्या. तिनं तिसरीला एवढंच विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

आणि नव्वदच्या फेब्रुवारीनंतर तिचं पत्र आलं नाही. मी लिहीत राहिले.

बुओना व्हिस्टा, १० नोव्हेंबर १९९३

विमानतळावर अविनाश आणि त्याची बायको नीता दोघंही आली होती. बाहेर पडताच ओल्या फडक्यासारखी हवा तोंडावर आली. कोकणातल्या मेमध्ये असते तशी, पण झाडं अशी टवटवीत की नुकतीच आंघोळ घातल्यासारखी. घर नवव्या मजल्यावर. त्यांची रिया आठ वर्षांची. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावायची. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, चकलीला काय म्हणतात तुझ्या शाळेत? ती म्हणाली, "मुरुक्कू लाह, आत्या."

दिवाळीला तिथे सुट्टी असते. नीतानं उटणं पुण्याहून मागवलं होतं. पहाटे अंघोळी झाल्या, फराळ झाला, फटाके मात्र नाहीत. त्या शांततेनं मला घर जास्तच आठवलं. सोमवारी भाऊबीज झाली. ओवाळून झाल्यावर अविनाशनं विचारलं, ताई, आता तुला काय काय बघायचंय? मी त्याला पत्ता दाखवला. तो मला पाठ होता, तरी कागदावर लिहून नेला होता. त्यानं वाचला आणि तो हसला. म्हणाला, "हे तर क्वीन्सटाउन. इथून एमआरटीची दोन स्टेशनं."

तीस वर्षं मी जिथे पत्रं पाठवत होते ते ठिकाण आता दोन स्टेशनांवर होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

क्वीन्सटाउन, १६ नोव्हेंबर

मी एकटीच जाणार म्हटल्यावर अविनाशनं यंत्रात तिकीट कसं घालायचं ते दोनदा दाखवलं. गाडीत माणसं होती पण आवाज नव्हता.

क्वीन्सटाउन जुनं आहे. सरकारी घरांच्या लांबच लांब इमारती, प्रत्येक खिडकीतून आडव्या बांबूंवर कपडे वाळत घातलेले. खाली दगडी टेबलांवर म्हातारे पट खेळत होते. मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं, कारण तिनं पत्रांतून लिहिलेलंच होतं. जिना कुठल्या बाजूला आहे, सातव्या मजल्यावर वारा किती लागतो, शेजारीण कुठल्या वेळी मासे तळते. मी लिफ्टनं न जाता चालत वर गेले. दार एका मलय बाईनं उघडलं. डोक्यावर रुमाल, हाताला पीठ. तिचं नाव रोकिया. मी कागद पुढे केला तसं तिनं मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की ते कुटुंब दोन वर्षांपूर्वी बुकित पंजांगला नव्या घरात गेलं.

माझा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं मला एकच भीती होती, की ती गेली असेल आणि मला कळवायला कुणाला माझं नावही माहीत नसेल. मी विचारलं, त्यांच्या नावानं भारतातून पत्रं येत होती का? रोकिया म्हणाली, येत होती, निळी. प्रत्येक पत्र तिनं नवा पत्ता घालून पुढे टाकलं होतं. एकदा तर ती स्वतः जाऊन हातात देऊन आली होती. तिनं मोठ्या आनंदानं मला तो नवा पत्ता लिहून दिला. त्या बाईला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

मी खाली आले आणि पट खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारच्या रिकाम्या टेबलाशी बसले. म्हणजे पत्रं पोचली होती. सगळी. वडील गेल्याचं लिहिलं होतं ते पत्रसुद्धा तिनं वाचलं होतं.

पुढचे तीन दिवस मी पाहुण्यासारखी वागले. पक्ष्यांचं उद्यान पाहिलं, दोरीवरच्या पाळण्यातून समुद्र ओलांडला, नीताबरोबर लिटल इंडियात जाऊन कढीपत्ता आणला. कशातही मन नव्हतं. ज्या माणसानं आपल्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय त्याच्या दाराशी जाऊन उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. शुक्रवारी संध्याकाळी भाजी निवडताना मी हे नीताला सांगितलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, मी माझ्या आईला आठ महिने पत्र लिहिलेलं नाही. राग आहे म्हणून नव्हे. एकदा उशीर झाला, मग उशीर का झाला ते लिहायला हवं होतं, ते सुचेना. आता फोनवर मी हवापाण्याचं बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीची नारायणपेठ नेसले आणि निघाले.

बुकित पंजांग, २० नोव्हेंबर

बुकित पंजांगला बसनं जावं लागतं. टेकडीच्या कडेनं रस्ता जातो, एका बाजूला दाट रान. मी एक थांबा आधीच उतरले. नवं गाव अजून वसतंच होतं. एकसारख्या उंच इमारती, काठ्यांना बांधलेली कोवळी झाडं, ताज्या रंगाचा वास आणि कुठेतरी सतत चाललेलं खणणं. इमारतींवर आकडे मोठे असतात तरी मी चुकले. दोनदा त्याच झोपाळ्यांपाशी आले. ऊन डोक्यावर चढलं होतं. शेवटी कचऱ्याची गाडी ढकलणाऱ्या एका तमिळ बाईनं हाताला धरून मला बरोबर लिफ्टपर्यंत नेलं.

अकरावा मजला. दार उघडं होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं लावलेलं. आत बनियनवर एक जाडसर गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. ते तिचे यजमान, टॅक्सी चालवतात. त्यांनी मान वर करून माझ्या साडीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि मी काही बोलायच्या आत ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "मिराज आली."

त्या घरात माझं नाव मिराज होतं हे मला तेव्हा कळलं.

ती हात पुसत बाहेर आली. ठेंगणी, आखूड कापलेले केस, जाड भिंगाचा चष्मा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती होती तिथेच उभी राहिली. मी तिचं नाव घेतलं. तीस वर्षं मी मनात 'जिओक' म्हणत होते, स्पेलिंग तसं आहे म्हणून. तेच तोंडून निघालं. यजमानांनी हसू दाबलं. ती म्हणाली, "गेक." आणि मग, अगदी हळू, "पत्रं मिळाली."

त्यानंतर आम्हांला बोलता येईना. पत्रांत आम्ही पानंच्या पानं लिहीत होतो, पण ती शब्दकोश शेजारी ठेवून. समोरासमोर तिचं इंग्रजी तुटक आणि भराभर, माझं शाळेतल्या फळ्यावरचं. तिनं काही विचारलं की मला दोनदा विचारावं लागे. शेवटी ती उठली आणि जेवायला वाढू लागली. मी मांस खात नाही हे तिला आठवत होतं. तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, मोड आलेले मूग, आणि बाजूला वाटीत लाल चटणी. चटणी झक्क होती. मी दुसऱ्यांदा घेतली आणि तिला विचारलं, यात काय घालतेस? ती सांगायला लागली, मिरच्या, लसूण, आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. त्यात सुकवलेल्या कोलंबीचा गोळा होता. रोजच्या सवयीनं तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

तिनं वाटी उचलली, माझं ताट उचलायला हात घातला, आणि त्याच क्षणी ती रडायला लागली. मला वाटलं चटणीसाठी. मी म्हटलं, अगं जाऊ दे, काही होत नाही, अर्धं कोकण कोलंबी खातं. ती मान हलवत राहिली. यजमान उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

मग तिनं सांगितलं. नव्वदच्या मे महिन्यात मुलाच्या पदवीदानाला ती दोघं अमेरिकेला गेली होती. मुलाचं गाव वॉशिंग्टनपासून गाडीनं दोन तासांवर. मुलानं आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून न सांगता थेट त्या कबरीशी नेलं.

"मी गाडीतून उतरणार नव्हते," ती म्हणाली. "पण त्यानं इतक्या हौसेनं आणलं होतं. मी उतरले. पाऊस होता. रांग होती. ज्योत लहान आहे, कुमुद, आपल्याला वाटायची तेवढी नाही. माझ्या मागे एक शाळेची सहल होती, मुलं ढकलत होती. मी दोन मिनिटं उभी राहिले. मला काहीच वाटलं नाही. आणि मग तुला काय लिहायचं? गेले म्हणून लिहायचं, की काही वाटलं नाही म्हणून?"

अठ्ठावीस ऑगस्ट आला, तिनं तीन वेळा लिहून फाडलं. पुढच्या तारखेला आणखी अवघड झालं. माझे वडील गेल्याचं पत्र आलं तेव्हा ती ते घेऊन दिवसभर बसली होती. आणि सप्टेंबरअखेर महाराष्ट्रात भूकंप झाल्याचं वाचलं तेव्हा तिनं मुलाचा जुना नकाशा काढून बोटानं मोजलं, किल्लारीपासून मिरज किती लांब आहे.

मला राग आला का? आला. ती एकटी जाऊन आली याचा नव्हे, तीन वर्षं गेली याचा. पण तिनं एवढं सांगितल्यावर मलाही एक गोष्ट सांगावी लागली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मी म्हटलं, मला तो अध्यक्ष कित्येक वर्षांपूर्वीच आवडेनासा झाला. त्याच्याविषयी पुढे बरंच छापून आलं, मी सगळं वाचलं. वर्गात मुलींना मी त्याचं नाव उदाहरण म्हणून सांगत नाही. पण तुला लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग ही तारीख कशाला. म्हणून लिहिलं नाही.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी सत्तर सालीच सोडला," ती म्हणाली. "मला वाटलं तुला वाईट वाटेल."

मग आम्ही दोघी हसलो, ते थांबेचना. यजमान जाळीतून डोकावून गेले. राहिलेल्या शेवया मी त्याच चटणीबरोबर संपवल्या.

पुन्हा क्वीन्सटाउन, २२ नोव्हेंबर

सोमवारी आम्ही क्वीन्सटाउनला भेटलो. तिला मला तिची जुनी जागा दाखवायची होती. पहिलं पत्र तिनं जिथे उघडलं ते शाळेमागचं घर आता नाहीच, तिथे गाड्या लागतात. ती त्या गाड्यांकडे बोट करून सांगत होती, इथे विहीर होती, इथे आमच्या कोंबड्या. मग वाचनालयात नेलं. लग्नानंतर ती नोकरीवरून सुटली की इथे येऊन अमेरिकेची पुस्तकं वाचायची आणि त्यातलं मला लिहायची. पुस्तकांची जागा बदलली होती तरी तिनं शोधून वॉशिंग्टनच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात त्या टेकडीचं दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं. हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा, लांबवर नदी आणि पलीकडे शहर.

तिनं चित्रातल्या फरशीवर बोट टेकलं. म्हणाली, मी इथे उभी होते. मग बोट जरा सरकवून म्हणाली, "इथे, शेजारी, मी कुणाला उभं राहू दिलं नाही."

मी त्या जागेकडे पाहत राहिले. तीस वर्षं मला जिथे जायचं होतं ते सगळं समोर होतं, आणि मला कळत होतं की आता मी तिथे कधी जाणार नाही. शाळेच्या पगारात जमेल न जमेल तो प्रश्न निराळा. ती ओढच कुठेतरी दुसरीकडे वळली होती. तरीही डोळे त्या चित्रावरून निघेनात. जी गोष्ट आता नकोशी झाली तिच्यासाठीही जीव असा तुटतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये बसलो. एका छपराखाली तीसेक टपऱ्या, वाफा, घणघणणारी भांडी. तिनं घट्ट दुधाची कॉफी मागवली, तिला तिथे कोपी म्हणतात, आणि माझ्यासाठी तमिळ दुकानातून डोसा आणला. आता बोलणं जमत होतं. तिला एखादा शब्द अडला की ती हवेत बोटानं लिहून दाखवायची, आणि लिहिलेलं मला लगेच कळायचं. तिनं विचारलं, तू लग्न का नाही केलंस? पत्रात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी खरं उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. दुसऱ्या दिवशी रात्री माझं विमान होतं. आता निरोप घ्यायचा होता आणि तो कसा घेतात ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. ती नमस्कार करावा की हात मिळवावा अशा घोटाळ्यात होती. मीही.

गाडी येताना दिसली तेव्हा तिनं एकदम माझा दंड धरला.

"तुझ्याकडे बातमी कधी आली?"

मी म्हटलं, शाळेत, सकाळी. शनिवार होता, शाळा अर्धाच दिवस होती.

"आमच्याकडेही शनिवार. शनिवारी तेवीस तारीख होती." ती बोटांवर मोजत होती. "त्यांच्याकडे दुपार, तेव्हा इथे रात्रीचे दोन. तुझ्याकडे बारा. कुमुद, आपल्याकडे बावीस तारखेला काहीच झालं नव्हतं. आपण तीस वर्षं त्यांची तारीख पाळतोय."

गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. मी चढले नाही.

"मग आपली उद्या आहे," ती म्हणाली. "उद्या ये."

मी अविनाशला सांगितलं की सामान भरून ठेवते, पण दिवसभर मी घरी नाही. तो काहीतरी बोलणार होता, नीतानं त्याला थांबवलं.

तेवीस तारखेला मी सकाळी आठलाच बुकित पंजांगला पोचले, आणि या खेपेला चुकले नाही. त्या दिवशी आम्ही कुठल्याही अध्यक्षाचं नाव काढलं नाही. बाजारातून पालेभाजी आणली. तिनं कोलंबीशिवाय चटणी वाटली, ती तितकी चांगली झाली नाही, आणि तसं मी सांगितलंही. मी तिला भाकरी थापून दाखवायला गेले, पण पीठ तांदळाचं होतं, हाताला चिकटलं, आणि त्याची शेवटी धिरडीच झाली. तिच्या यजमानांनी चार खाल्ली. जेवण झाल्यावर ते टॅक्सी घेऊन गेले. गेक म्हणाली, दुपारी मला झोप लागतेच, तू बोलत राहा, मी ऐकते. फरशीवर चटई टाकून ती आडवी झाली आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत झोपली.

तिचा चष्मा मी काढून उशाशी ठेवला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. अकरा मजले खाली बसचा थांबा दिसत होता. मला चारला निघायला हवं होतं. चारची बस टेकडीच्या वळणावरून आली, थांबली, निघून गेली. तिला उठवावं म्हणून मी वळले, पण तिचा श्वास संथ चालला होता, आणि मी परत खिडकीकडे तोंड केलं. नंतरची बसही तशीच गेली. तिसरी वळणावर दिसली तेव्हा मी उठून तिच्या खांद्याला हात लावला.